उघाडीतला दगड

वडखळहून अलिबागकडे निघालं की पोयनाडच्या अलीकडे-पलीकडे उजव्या हाताला सपाट, झाडं नसलेली जमीन लागते. तो आमचा खारेपाट. पावसाळ्यात नजर पोचेल तिथवर भात, मार्चमध्ये भेगाळलेली पांढुरकी माती. शनिवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांतली माणसं तिच्याकडे बघतही नाहीत. समुद्र कधी दिसतो याची त्यांना घाई असते. समुद्र खरं तर तिथेच असतो. धरमतरच्या खाडीचं पाणी भरतीला या शेतांच्या पातळीपेक्षा वर चढतं, आणि पाणी आणि भात यांच्यामध्ये असतो मातीचा एक बांध.

या बांधाला जागोजागी उघाड्या ठेवलेल्या असतात. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. भरतीचं पाणी चढलं की तेच झडपेला दाबून बंद करतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की शेतात साचलेलं पावसाचं पाणी आतून झडप ढकलतं आणि खाडीत जातं. वीज नको, मोटर नको, माणूसही नको. कागदावर तरी.

अशा व्यवस्थांची मॉडेलं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पाणी किती आलं, किती साठलं, कुठून गेलं याचा हिशेब संगणकात मांडायचा आणि ‘असं केलं तर काय होईल’ हे माती न हलवता बघायचं. खारेपाटातलं काम आमच्या गटाकडे आलं तेव्हा प्रश्न सुटसुटीत होता. एका गावाच्या बांधावरच्या उघाड्या पुरतात का, आणि झडपा वाढवल्या तर पाणी लवकर उतरेल का? गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एका दगडाची गोष्ट आहे, आणि तो दगड कोण ठेवतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

कागदावर हे काम तीन चौकटींत मावतं: खाडी, उघाडी, शेत. मध्ये दोन बाण. भरती-ओहोटीचे तक्ते छापील मिळतात, पावसाची नोंद मिळते, जमिनीची उंची मोजून घेता येते. दार बंद करून बसलं तर आठवड्याभरात पडद्यावर निळं पाणी वरखाली व्हायला लागतं, आणि ते दिसायला इतकं देखणं असतं की बनवणाऱ्यालाच त्याचं प्रेम बसतं. मग गावाला विचारायचं कधी? आमच्या धंद्यात याचं रुळलेलं उत्तर आहे: शेवटी. आधी जाणकारांनी मॉडेल करायचं, तपासायचं, अहवाल लिहायचा आणि मग सभागृहात पडदा लावून लोकांना ‘तुमच्या सूचना सांगा’ म्हणायचं.

कायद्यानंही हाच क्रम धरला आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, आणि ती असणं ही मोठीच गोष्ट आहे. पण सुनावणी होते ती अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर. म्हणजे कोणत्या गोष्टी मोजायच्या, कोणत्या सोडायच्या, सीमारेषा कुठे आखायची, हे सगळं ठरून गेल्यावर. त्यानंतर कुणी उठून ‘तुम्ही आमचा नाला धरलाच नाही’ म्हणाला तर त्याची हरकत म्हणून नोंद होते, मॉडेलमध्ये नाला येत नाही. तिथून मागे फिरण्याइतका वेळही नसतो आणि पैसाही.

दुसरी अडचण माणसांच्या स्वभावातली आहे. गुळगुळीत, रंगीत, छापील नकाशा समोर आला की आमच्याकडची माणसं अदबीनं वागतात. बोलण्यासारखं नसतं असं नाही, पण इतकी मेहनत घेऊन कुणीतरी काहीतरी आणलंय, त्यात खोट काय काढायची? बांधावर उभं राहून सरकारच्या खारजमीन खात्याला तासभर शिव्या घालणारा माणूस पडद्यासमोर ‘बरा हाय, चांगला केलाव’ म्हणून चहा पितो. सभेचा अहवाल लिहिणारा लिहितो, ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.

म्हणून मी आता चित्र कच्चं असतानाच गावात नेते. कच्चं म्हणजे पुसता येईल इतकं. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीनं. हा काही माझा शोध नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुजरात-कर्नाटकातल्या संस्थांनी गावकऱ्यांकडून जमिनीवर गावाचे नकाशे काढून घ्यायला सुरुवात केली, आणि रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकानं त्या पद्धती जगभर पोचवल्या. ‘काठी दुसऱ्याच्या हातात द्या’ हे त्यांचं सांगणं. जमिनीवर रेघ ओढायची काठी ज्याच्या हातात, नकाशा त्याचा. आमच्याकडे काठीऐवजी रांगोळीचा डबा देते, एवढाच फरक. डबा पुरुषांच्या हातात फार वेळ राहत नाही, हा त्याचा एक जादा फायदा.

त्या दिवशी मी फक्त खाडीची एक रेघ आणि बांधाची एक रेघ काढून ठेवली होती. मुद्दाम थोडी वाकडीच. पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक काकी उठल्या, पदर खोचून खाली बसल्या आणि तळहातानं माझी खाडी सरळ पुसून टाकली. “बाय, ही खाडी अशी नाय. हितं ती आत शिरते.” त्यांनी चिमटीतून रेघ सोडली, आणि दुसऱ्या एकीनं ‘त्याच्याही आत’ म्हणून ती आणखी खेचली. पुढचा तासभर मला बोलावं लागलं नाही. उघाड्या कुठे हे दाखवायला बाटल्यांची बुचं आली. पाणी साचतं तिथे हळद पडली, कारण निळा रंग कुणाकडे नव्हता. देवळामागच्या जुन्या उघाडीपाशी एकीनं सांगितलं की तिच्या लग्नाच्या वेळी खाडीकडे उतरायला तिथे पायऱ्या होत्या, शेवटच्या पायरीवर बसून ती भांडी घासायची, आणि आता त्या पायऱ्या गाळात आहेत. आमच्या मोजणीत उघाडीचा तळ होता. तिच्या तोंडाशी बाहेर किती गाळ चढलाय हे नव्हतं. गाळ वर चढला की ओहोटीचं पाणी कितीही खाली गेलं तरी उघाडीपुरती ओहोटी गाळाच्या माथ्यावर संपते. चौकटीत एक नवीन आकडा आला, आणि पुढे असं दिसलं की झडपा वाढवण्यापेक्षा त्याच आकड्यानं जास्त फरक पडतो.

पण त्या दिवसातली खरी गोष्ट हळद पडल्यानंतर घडली. मी विचारलं, पाणी सगळ्यात वाईट कधी साचतं? असं विचारताना ‘व्यवस्था कशी चालते’ असं मी कधीच विचारत नाही. त्याला कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही, मीही नाही. वाईट दिवस विचारला की माणसाला सगळं आठवतं. एक आजोबा म्हणाले, “उधानाला. अमावस्येचा पाऊस लागला का मेलो.” समोरून त्यांच्याच वयाचे दुसरे म्हणाले, “उधानाचा काय नाय. पानी आला तसा गेला. भांगाला बसतंय न्, ते हलतच नाय.” पहिल्यांनी त्यांना भलतंसलतं सुनावलं. दुसऱ्यांनी त्यांच्या शेतीचाच उद्धार केला. जुनं भांडण असावं. आमच्या गटातला एक तरुण इंजिनिअर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, यातलं नेमकं कुठलं लिहायचं?

दोन्ही. मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून बघा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे, भरती साधारण साडेचार मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी मीटरभराच्या खाली उतरते. भांगाला, अष्टमीच्या सुमारास, भरती सव्वातीनच्या आसपास थांबते आणि ओहोटीही दोनच्या आसपास अडून बसते. धरमतरच्या आत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, रीत तीच. आता एकाचं शेत समजा साडेतीन मीटरच्या पातळीवर आहे. भांगाला खाडी त्याच्या पातळीला पोचतच नाही, त्यामुळे त्याचं पाणी दिवसभर निघत राहतं. उधाणाला मात्र झडप काही तास मिटून बसते, आणि तेवढ्यात पाऊस कोसळला तर रोप पाण्याखाली. दुसऱ्याचं शेत खोलगटात, समजा अडीच मीटरवर. त्याचं पाणी भांगाला फक्त ओहोटीच्या वेळी निघणार, तेही अर्ध्या मीटरच्या उतारानं, रडतखडत. उधाणाच्या ओहोटीला तेच पाणी त्याच्या तिप्पट उतारानं धो धो बाहेर पडतं.

म्हणजे दोघे आजोबा आपापल्या शेताची उंची सांगत होते. मीटर हा शब्द दोघांच्याही तोंडी नव्हता. आमच्या मोजणीत त्या दोन शेतांच्या उंचीतला फरक होताच, पण सबंध शेतीला आम्ही एकच चौकट दिली होती आणि उंचीची सरासरी काढली होती. पहिल्या आराखड्यात कुणीही असंच करतं, गणित सोपं राहतं. सरासरी शेताला उधाणही फारसं वाईट नसतं आणि भांगही. अशा सरासरी शेतात एकही माणूस भात लावत नाही. त्या दुपारनंतर एका चौकटीच्या दोन झाल्या, आणि दोघींच्या मध्ये एक बाण आला. त्या बाणानंही भांडण लावलं, कारण वरच्याचं पाणी उतरतं ते आधी खालच्याच्या शेतात.

गावातले लोक मॉडेल करत नाहीत असं मानायला मी तयार नाही. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते, हा हिशेब सबंध किनाऱ्यावर चालतो. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे पर्यटकही तो आता पाठ करून येतात. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. चंद्रामुळे भरती रोज सुमारे अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, हिशेबातला पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. पौर्णिमेपर्यंत ही तूट साठत जाते, हिशेबानं सव्वाअकरा येतात आणि पाणी खरं तर बाराच्या आसपास भरतं. कोळ्यांना ही तूट ठाऊक असते. ‘पुनवेला थोडा पुढं धरायचा’ असं सांगूनच ते हिशेब शिकवतात. आपल्या मॉडेलची चूक कुठे आणि किती, हे इतक्या चोख माहीत असलेले तज्ज्ञ मला फार भेटलेले नाहीत.

जे फॉरेस्टर हे नाव आमच्या क्षेत्रात आदरानं घेतलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५० च्या दशकात त्यांनी साठे आणि प्रवाह यांच्या भाषेत व्यवस्थांचं मॉडेल करायची शिस्त उभी केली. मुळातले विद्युत अभियंते, आकड्यांत बुडालेला माणूस. पण त्यांचं एक म्हणणं असं की व्यवस्थेबद्दलची सर्वांत जास्त माहिती माणसांच्या डोक्यात असते, त्याहून फार कमी लिहून ठेवलेली असते, आणि आकड्यांत उतरलेली तर चिमूटभर. ज्याला फक्त आकड्यांवर मॉडेल करायचंय तो त्या चिमटीतच हात घालून बसलाय. हे सांगताना मी जरा चढ्या आवाजात बोलते, कारण आमच्याकडे गावातून आलेल्या गोष्टीला ‘ऐकीव’ म्हणायची पद्धत आहे आणि दहा वर्षांपूर्वी बिघडलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीला ‘डेटा’.

आता तो दगड.

समाजमंदिरातल्या बैठकीत तो आला नाही. रांगोळीतही आला नाही, आणि येणारही नव्हता, कारण पोलीस पाटील, सरपंच, मास्तर सगळे बसले होते. बैठक आटोपल्यावर एका मुलानं मला ‘चला ताई, उघाडी दावतो’ म्हणून बांधावर नेलं. ओहोटी लागली होती. उघाडीच्या तोंडाशी पाण्यात जाळं बांधलेलं, आणि झडपेच्या एका कोपऱ्यात डोक्याएवढा काळा दगड अडकवलेला. मी विचारलं, हा वाहून आला? तो हसला. दगड वाहून येत नसतो. भरतीला झडप पुरती मिटू नये म्हणून तो रात्री कुणीतरी लावतं. फटीतून खारं पाणी आत येतं, त्याबरोबर मासळी येते, आणि ओहोटीला ती जाळ्यात पडते. जिताड्याची पिल्लंही याच वाटेनं तळ्यांत जातात. आणि खारेपाटात ज्याच्या तळ्यात जिताडा त्याच्याकडे पाहुणा खुशीत येतो, हे अलिबागकरांना सांगायला नको. पण त्याच फटीतून आलेलं खारं पाणी खोलगटातल्या भाताची मुळं जाळतं.

मॉडेलमध्ये झडपेला दोनच अवस्था असतात, उघडी आणि मिटलेली. बाहेरचं पाणी वर असेल तर मिटलेली. हे भौतिकशास्त्र झालं. डोक्याएवढा दगड त्यात बसत नाही. कुठल्याही मोजणीत तो सापडला नसता, कारण मोजणीला माणसं दिवसा आणि परवानगी घेऊन जातात. त्याला बिघाड म्हणून लिहावं तर तेही खोटंच, कारण तो बिघाड नाहीच मुळी, कुणाचं तरी उत्पन्न आहे. गोव्यात याच प्रकारच्या जमिनीला खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस. तिथे मानशीवर मासे धरायच्या हक्काचा रीतसर लिलाव होतो. लिलाव घेणारा मासळीसाठी दार हवं तसं उघडतो आणि बांध-शेताचं नुकसान होतं, ही तिथली जुनी तक्रार. गोव्यात जे कागदावर आहे ते आमच्याकडे रात्रीच्या दगडात आहे, इतकंच. मी त्या मुलाला विचारलं, हे बैठकीत का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “ज्यानं दगड ठेवलाय तो चहा वाटत होता.”

लोकांना सुरुवातीपासून घ्या, असं म्हणणारे आम्ही लोक जरा भाबडेपणानं बोलतो ते इथे. सगळे गोल बसले, सगळे बोलले, सत्य बाहेर आलं, असं होत नाही. गोलात बसलेल्यांत घरभाऊ असतात, देणेकरी असतात, मत मागायला येणारे असतात. मोठ्या आवाजाचा एक माणूस सबंध गावाचं मॉडेल आपल्या शेतापुरतं करून टाकू शकतो. काही माणसं तर गोलात नसतातच. खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या धरणारे कातकरी बांधावर आमच्याहून कितीतरी जास्त वेळ असतात, पण त्यांची त्या गावात जमीन नाही, म्हणून बैठकीचं आवतणही नाही. बांधाला खेकड्यांची बिळं कुठे वाढली आहेत हे त्यांनीच दाखवलं. बांधाला खांड पडते ती दर वेळी वरून पाणी ओसंडून नाही. अनेकदा आतून पोखरत जाऊन पडते. आमच्या शास्त्रालाही हे माहीत आहे. कुठल्या पन्नास हातांत पोखरलंय हे शास्त्राला माहीत नसतं. ते विचारायला बांधावर, त्यांच्या वेळेला, ओहोटीला जावं लागतं. समाजमंदिर उघडून हे होत नाही.

स्कँडिनेव्हियात या प्रश्नाचा विचार फार आधी आणि फार रोखठोक झाला. क्रिस्टन निगार्ड हा नॉर्वेचा गणिती. ओले-योहान डाल यांच्याबरोबर त्यानं १९६० च्या दशकात सिम्युला ही संगणकाची भाषा रचली, तीही मुळात कामकाजाची मॉडेलं करता यावीत म्हणूनच. आज जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर ज्या पद्धतीनं लिहिलं जातं तिचं मूळ तिथे आहे, आणि त्यासाठी २००१ चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. हाच निगार्ड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोखंड आणि धातुकामगारांच्या संघटनेबरोबर कामाला बसला. कारखान्यात संगणक येतोय, त्याचा आराखडा मालक आणि इंजिनिअर करताहेत, मग कामगारांना त्यातलं काय कळायला हवं? म्हणजे ज्यानं मॉडेल करायचं हत्यार बनवलं, त्यालाच ते हत्यार एकाच बाजूच्या हातात असणं खटकलं. पुढे १९८१ ते १९८५ मध्ये छापखान्यातल्या कामगारांच्या संघटनांबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. खिळे जुळवणाऱ्यांच्या जागी पडद्यावर पान लावायची वेळ येऊ घातली होती, आणि ती यंत्रं अजून नीट बनलीही नव्हती. संशोधकांनी पुठ्ठ्याचा रिकामा खोका टेबलावर ठेवला, वर लिहिलं ‘लेझर प्रिंटर’, आणि कामगारांना म्हणाले, आता काम करून दाखवा. खोका उचलून दुसरीकडे ठेवायला कुणाला संकोच वाटत नाही. खरं यंत्र असतं तर कुणी हात लावला नसता.

याहून मला जवळचं वाटतं ते सेनेगल नदीच्या खोऱ्यातलं काम. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी तिथल्या सिंचनाचं संगणकी मॉडेल केलं, आणि मग ते शेतकऱ्यांना दाखवायचं कसं असा प्रश्न पडल्यावर त्याचा चक्क खेळ केला. पत्ते, भूमिका, पाण्याची पाळी. शेतकरी खेळायला बसले, कुणी पंपवाला झाला, कुणी उधारी बुडवणारा. खेळताना कुणालाही स्वतःबद्दल काही कबूल करावं लागत नाही. भूमिका पत्त्याची असते, चाल आपल्या ओळखीची.

हे मी दगडासाठी उचललं. पुढच्या बैठकीत रांगोळी तीच ठेवली, पण प्रत्येकाला दुसऱ्याचं सोंग दिलं. वरच्या शेतवाल्याला मासेवाला केला, मासेवाल्याला खोलगटातला शेतकरी, काकींना खात्याचा अभियंता. काकींनी चष्मा नाकावर घेऊन जो अभियंता केला तो मी इथे लिहीत नाही, मला पुढेही खात्याकडे काम करायचं आहे. तिसऱ्या डावात मासेवाला झालेल्या शेतकऱ्यानं कुणी न सांगता बूच तिरकं करून ठेवलं आणि म्हणाला, “माझा दगड लावला.” सगळे हसले. ज्यानं खरा दगड लावायचा तोही हसला, आणि मग त्यानंच विचारलं, मासळी कुठल्या दिवसांत आत येते हे तुम्हाला ठाऊक आहे का? भात पोटरीवर असताना फट बंद ठेवली आणि कापणीनंतर उघडी ठेवली तर? यावर तासभर रण माजलं, पण ते तारखांचं होतं, इभ्रतीचं नव्हतं.

त्या हंगामी फटीचा आम्ही हिशेब मांडला. इथे मात्र गावाच्या अंदाजावर विसंबून चालत नाही, आणि हेही स्पष्ट लिहिलं पाहिजे. पहिल्या पावसांनी मीठ किती धुतलं जातं, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काढलेले ‘पनवेल-१’सारखे वाण किती खारेपणा कुठल्या अवस्थेत सोसतात, समुद्राची सरासरी पातळी चढत गेली तर खोलगटातल्या शेताला भांगाला मिळणारा तो अर्ध्या मीटरचा उतार किती उरेल, हे आजोबांच्या आठवणीतून निघत नाही. त्यांची आठवण मागच्या समुद्राची आहे. गावाची एकमुखी मागणी होती, बांध उंच करा. मॉडेल म्हणतं, उंच बांधानं उधाण थांबेल, आतलं पाणी मात्र तसंच बसेल. हे ऐकून कुणी खूश झालं नाही. पण ‘तुमचं मॉडेल चुकीचं’ असंही कुणी म्हणालं नाही, कारण खोलगटातली चौकट त्यांनीच फरशीवर काढलेली होती. मला या सगळ्या खटाटोपाचा मोठा फायदा हाच वाटतो: आकडे अधिक बरोबर आले हे खरंच, पण नावडतं उत्तर आलं तेव्हा त्याच्याशी भांडायला लोकांकडे जागा होती. शेवटी बोलावलेला माणूस उत्तर मान्य करतो किंवा धुडकावतो, तिसरं काही त्याला करता येत नाही.

खर्चाचं बोलायलाच हवं. याला वेळ लागतो, आणि निविदेत असा वेळ कुठेच धरलेला नसतो. ‘सहभाग’ म्हणून एक रकाना असतो, त्यात फोटो आणि सह्यांचा कागद जोडायचा. रांगोळीचा फोटो छान येतो, म्हणून हल्ली बरेच जण रांगोळी काढतात, फोटो काढतात आणि घरी आधीच तयार असलेलं मॉडेल चालवतात. यापेक्षा न विचारलेलं बरं. पुढच्या वेळी खरंच विचारायला गेलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. एका वाडीत मला दारातच ऐकवलं गेलं, “मागच्या येळंला सांगितलाव ना सगळा, त्याचा काय केलाव?”

सध्या आमचं घोडं अडलंय ते चावीवर. हंगामी फट ठेवायची तर झडपेला आडवी दांडी आणि तिला कुलूप हवं. कुलूप म्हटलं की चावी कुणाकडे? १९४८ च्या खारजमीन कायद्याच्या आधीपासून गावकीच बांध बघायची. १९७९ च्या कायद्यानंतर सरकारी योजनांतले बांध आणि उघाड्या खात्याच्या ताब्यात. खात्याचा माणूस तालुक्याच्या गावी राहतो आणि उधाण रात्री बाराला येतं. ग्रामपंचायतीकडे दिली तर वरच्या आळीकडे गेली असं खालची आळी म्हणते. काकींचं म्हणणं बचत गटाकडे द्या, बायकांना भातही हवं आणि मासळीही. यावर पुरुष गप्प बसले, ते होकारानं की कसं ते कळलं नाही. मॉडेलमध्ये ‘चावी’ नावाची चौकट आहे आणि ती अजून रिकामी आहे. तूर्त मी दोन्ही तऱ्हेनं हिशेब चालवून बघतेय: चावीवाला वेळेवर पोचला तर, आणि तीन तास उशिरा पोचला तर. दुसऱ्या हिशेबात खोलगटातल्या शेताचं काय होतं ते घेऊन पुढच्या अष्टमीला जायचं आहे. भांग आहे, होड्या बाहेर जाणार नाहीत, म्हणून तारीख त्यांनीच दिली.